शनिवारी बंद करता न येणारी किल्ली : पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बाणेरमधली ही कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या लहान-मध्यम लॅब तिचे ग्राहक आहेत. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन गेलेल्या पेशंटला दुपारी एसएमएस येतो, त्यातली लिंक उघडली की रिपोर्टची पीडीएफ समोर येते. ही सगळी यंत्रणा एडब्ल्यूएसच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हर सेवेच्या, मुंबई रिजनमध्ये (सर्व्हर केंद्रांच्या भौगोलिक विभागात) चालते. माणसं तीसेक, त्यातले निम्मे डेव्हलपर. सुरक्षेसाठी वेगळा माणूस नाही, आणि या आकाराच्या कंपनीत तो सहसा नसतोच. घटना घडली तेव्हा मला बाहेरून मदतीला बोलावलं होतं. कंपनीची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

अशा प्रकरणांचा निकाल बहुतेक वेळा एका वाक्यात लावतात: कोणीतरी पासवर्ड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या वेबसाइटवर, टाकला. इथेही तसं घडलं. पण किल्ली (प्रोग्रामने एडब्ल्यूएसमध्ये शिरायचा पासवर्डच म्हणा) बाहेर गेली हा मला या प्रकरणातला लहान भाग वाटतो. बाहेर गेलेली किल्ली बंद केली तर नेमकं काय काय बंद पडेल, हे कंपनीत एकालाही सांगता येत नव्हतं. त्या अज्ञानापायी गेलेला वेळ हल्लेखोराच्या पथ्यावर पडला.

एकच किल्ली, पाच ठिकाणी

कंपनी अगदी छोटी होती तेव्हा पहिल्या डेव्हलपरने एडब्ल्यूएसमध्ये एक आयएएम यूजर, म्हणजे खात्यातला एक वापरकर्ता, तयार केला, त्याला 'पॉवर यूजर' ही तयार परवानगी दिली आणि एक अ‍ॅक्सेस की, म्हणजे हीच किल्ली, काढली. पॉवर यूजरला नवे यूजर बनवणं, परवानग्या वाटणं अशी कामं करता येत नाहीत. बाकी जवळपास सगळं करता येतं: कुठल्याही रिजनमध्ये सर्व्हर चालू करणं, कुठलीही बकेट (फाइलींची साठवण) वाचणं, डेटाबेस उडवणं. फाइल अपलोड करायला यातलं काहीच लागत नाही. पण त्या दिवशी काम अडलं होतं, परवानगी दिली, काम झालं, आणि नंतर कोणी मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या काही वर्षांत ही किल्ली पसरत गेली. अ‍ॅप सर्व्हरच्या एन्व्ह (सेटिंगच्या) फाइलमध्ये ती होतीच. बिल्ड पाइपलाइनमध्ये, म्हणजे कोड आपोआप तयार करून सर्व्हरवर चढवणाऱ्या यंत्रणेत, गेली. एका डॉकर इमेजमध्ये (प्रोग्राम सगळ्या साहित्यासकट बांधलेल्या गठ्ठ्यात) कॉपी झाली. पुढच्या पायरीत ती फाइल काढून टाकली होती खरी, पण डॉकर इमेज थरांनी बनते आणि खालच्या थरातली फाइल वरच्या थरात 'काढली' तरी खाली तशीच राहते. सपोर्ट टीमच्या लॅपटॉपवर अडकलेले रिपोर्ट पुन्हा पाठवायची एक स्क्रिप्ट होती, तिच्यातही हीच किल्ली.

पाचवं ठिकाण सगळ्यात अवघड होतं. प्रत्येक लॅबच्या विंडोज कॉम्प्युटरवर कंपनीचा एक छोटा अपलोडर बसवलेला असतो. लॅबच्या सॉफ्टवेअरने एका फोल्डरमध्ये पीडीएफ टाकली की अपलोडर ती उचलून एस-थ्री बकेटमध्ये पाठवतो. त्याची सेटिंग एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. रिसेप्शनवर बसणाऱ्या कोणीही नोटपॅडमध्ये ती उघडली असती तर दोन ओळी दिसल्या असत्या: 'एकेआयए' या अक्षरांनी सुरू होणारा वीस अक्षरी आयडी आणि त्याखाली चाळीस अक्षरी सिक्रेट. एडब्ल्यूएसच्या कायमस्वरूपी किल्ल्यांचे आयडी असेच सुरू होतात. म्हणजे गिटहबचा प्रश्न येण्याच्या कितीतरी आधी ही किल्ली प्रत्येक ग्राहकाच्या हातात होती. एका लॅबच्या माणसाला दुसऱ्या लॅबच्या पेशंटचे रिपोर्ट वाचता आले असते. ही रचना गळतीइतकीच गंभीर आहे, असं मी कंपनीला लेखी कळवलं.

बाहेर कशी गेली

कंपनीत दरवर्षी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी इंटर्न म्हणून येतात. पुण्यात हे चित्र घरोघरचं आहे. एका विद्यार्थ्याला अपलोडरची नवी आवृत्ती लिहायला दिली होती. सोबत संपूर्ण रेपो (कोडचा संग्रह) दिला, त्यात टेस्टिंगची म्हणून खरी सेटिंग फाइल. त्याने मार्गदर्शकांना विचारून त्याच कामाचा भाग बीईच्या प्रोजेक्टला वापरला आणि स्वतःच्या गिटहब खात्यावर प्रायव्हेट रेपोत ठेवला. पुढे सेटिंग फाइल आपल्याजवळ नको, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती डिलीट करून नवी कमिट (बदलाची नोंद) केली. गिटच्या, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात ती तशीच राहिली, कारण गिट जुन्या कमिटमधलं काही पुसत नाही, तुम्ही मुद्दाम इतिहास नव्याने लिहीपर्यंत.

प्लेसमेंटच्या मुलाखतीआधी रेझ्युमेत लिंक द्यायची म्हणून एका गुरुवारी रात्री त्याने रेपो पब्लिक केला. २०२४ पासून पब्लिक रेपोत ओळखीचं सिक्रेट (किल्ली, पासवर्ड असं काही) पुश, म्हणजे अपलोड, करायला गेलं तर गिटहब आपणहून अडवतं. पण ती अडवणूक पुशच्या क्षणी होते. इथे पुश खूप आधी, प्रायव्हेट असताना झालेला होता. रेपो पब्लिक झाल्यावर गिटहबने तो तपासला, किल्ली ओळखली आणि एडब्ल्यूएसला कळवलं. ही व्यवस्था चोख चालली. मात्र पब्लिक रेपोंवर नजर ठेवून बसलेले चोरही असतात आणि त्यांच्या स्क्रिप्टही तितक्याच तत्पर असतात.

मी त्या मुलाशी सविस्तर बोललो. तो घाबरलेला होता, प्रामाणिक होता, आणि फाइल काढून टाकण्याइतपत सावधही होता. त्याच्यावर तक्रार करायची का, असा विचार कंपनीत दोन दिवस चालू होता. मी त्याच्या ठाम विरोधात होतो. ज्या किल्लीने सगळ्या लॅबचे रिपोर्ट उघडतात ती शिकाऊ मुलाच्या हातात कंपनीनेच दिली होती. टोयोटाच्या टी-कनेक्ट या गाड्यांसाठीच्या इंटरनेट सेवेचं प्रकरण जवळपास याच वळणाचं आहे. तिथे बाहेरच्या कंत्राटदाराने सोर्स कोडचा काही भाग गिटहबवर पब्लिक ठेवला, त्यात डेटा सर्व्हरची अ‍ॅक्सेस की होती, आणि ती डिसेंबर २०१७ ते सप्टेंबर २०२२ इतका काळ तशीच उघडी राहिली. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघड झाल्याची शक्यता टोयोटाला जाहीर करावी लागली.

मेल आला, पण

एडब्ल्यूएसला अशी किल्ली सापडली की ते सपोर्ट केस उघडतात, मेल पाठवतात आणि त्या यूजरला एक 'क्वारंटाइन' पॉलिसी (परवानग्यांचा नियम) जोडतात. ही पॉलिसी नवे सर्व्हर चालू करणं, नवे यूजर बनवणं अशा सगळ्यात धोकादायक गोष्टी रोखते. किल्ली मात्र बंद करत नाही, कारण तुमचा धंदा त्या किल्लीवर चालत असेल तर तो बंद पाडायचा निर्णय तुमचा असतो.

मेल गेला खात्याच्या मूळ ईमेलवर. तो ईमेल बिलांसाठी म्हणून अकाउंट्सच्या ताई पाहायच्या. 'तुमचं खातं धोक्यात आहे, ताबडतोब कृती करा' अशा मजकुराच्या मेलवर क्लिक करू नका, हे त्यांना फिशिंगच्या प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. त्यांनी मेल बाजूला ठेवला. त्यांना जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. खात्यात सुरक्षेचा संपर्क म्हणून वेगळा ईमेल देण्याची सोय आहे, ती जागा रिकामी होती.

शुक्रवारी संध्याकाळी रिलीज होती. पाइपलाइन डिप्लॉयसाठी नवा सर्व्हर उभा करते, आणि त्या पायरीवर ती आपटली. एरर अशी की अमुक यूजरला सर्व्हर चालू करायची परवानगी नाही, आयडेंटिटी-बेस्ड पॉलिसीत 'एक्स्प्लिसिट डिनाय', म्हणजे मुद्दाम घातलेली मनाई, आहे. एका अनुभवी डेव्हलपरने कन्सोल उघडलं, यूजरला जोडलेली एक अनोळखी पॉलिसी पाहिली आणि ती काढली. रिलीज पार पडली.

पॉलिसीच्या नावातच 'कॉम्प्रोमाइज्ड की' असे शब्द आहेत. त्याने ते वाचले का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "वाचले. वाटलं एडब्ल्यूएसने काहीतरी नवीन नियम आणलाय. सात वाजले होते, क्लायंटला शब्द दिला होता." या उत्तराला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. परवानगीची एरर आली की परवानगी वाढवायची, हीच कंपनीची अनेक वर्षांची सवय होती. पॉवर यूजरही तसाच जन्माला आला होता. अडथळा कोणी आणि का घातला, हे विचारायची पद्धतच नव्हती.

त्या रात्री ओहायो, फ्रँकफर्ट, साओ पाउलो अशा कंपनीने कधीच न वापरलेल्या रिजनमध्ये मोठमोठे सर्व्हर सुरू झाले आणि क्रिप्टो मायनिंगला (दुसऱ्याच्या खर्चाने आभासी चलन कमवायला) लागले.

शनिवार सकाळ

लक्षात आलं ते ताईंच्याच. जीएसटीच्या कामासाठी बिल डाउनलोड करायला त्या शनिवारी आल्या होत्या. चालू महिन्याचा अंदाज नेहमीच्या कितीतरी पट दिसला आणि रिजनच्या यादीत परकी नावं. त्यांनी स्क्रीनशॉट काढून मालकांना पाठवला: "सर, हे आपलंच बिल आहे ना?" तासाभरात आम्ही सगळे कॉलवर होतो.

पहिला प्रस्ताव साहजिक होता, किल्ली बंद करा. मालक म्हणाले, "सर, आज शनिवार आहे. लॅबला सगळ्यात जास्त गर्दी आज असते. अपलोडर बंद पडला तर दुपारी एकाही पेशंटला रिपोर्ट जाणार नाही. काहींची सोमवारी ऑपरेशनं असतात." ही सबब नव्हती. रिपोर्ट अडला म्हणजे कोणाचा तरी उपचार अडतो. आणि सगळ्या लॅबमध्ये नवी सेटिंग पोहोचवायची तर एकेका लॅबला फोन करून, स्क्रीन शेअर करून, हाताने बदल करावा लागणार होता.

म्हणून किल्ली चालू ठेवून तिच्यातला जीव काढून घ्यायचं ठरलं. एडब्ल्यूएसमध्ये 'डिनाय' हा 'अलाउ'वर नेहमी मात करतो. यूजरला एक डिनाय पॉलिसी जोडली की जुन्या परवानग्या शाबूत असूनही निकामी होतात. याचा आणखी एक फायदा होता. लॉगमध्ये आम्हाला दिसलं की हल्लेखोराने याच किल्लीवरून एक तात्पुरतं सेशन काढून ठेवलं होतं. किल्ली बंद केली तरी असं सेशन मुदत संपेपर्यंत जिवंत राहू शकतं. यूजरवरचा डिनाय त्या सेशनलाही लागू होतो.

पहिली पायरी लगेच घेतली: रिपोर्टची बकेट सोडून बाकी सगळ्याला मनाई. त्यानंतर प्रत्येक रिजन उघडून परके सर्व्हर बंद केले. काहींना टर्मिनेशन प्रोटेक्शन (सर्व्हर काढून टाकता येऊ नये म्हणूनचं कुलूप) लावलेलं होतं, ते आधी काढावं लागलं. स्पॉट रिक्वेस्ट, लाँच टेम्प्लेट, ऑटो स्केलिंग ग्रुप, लॅम्डा, कंटेनर क्लस्टर अशी सगळी बिळं तपासली, कारण सर्व्हर मारला आणि ऑटो स्केलिंग ग्रुप राहिला तर तो नवा सर्व्हर उभा करतो.

दुसरी पायरी नाजूक होती. बकेटमधले रिपोर्ट वाचायची ताकद किल्लीतून काढायची होती, पण अ‍ॅप सर्व्हर पेशंटला रिपोर्ट दाखवताना हीच किल्ली वापरत होता. म्हणून आधी अ‍ॅप सर्व्हरला आयएएम रोल (कायमच्या किल्लीशिवाय मिळणारी परवानगी) जोडला. रोल जोडूनही सर्व्हर जुन्याच किल्लीने बोलत राहिला, कारण एडब्ल्यूएसच्या लायब्ररी एन्व्हायर्नमेंटमध्ये किल्ली सापडली की तीच आधी घेतात आणि रोलपर्यंत पोहोचतच नाहीत. एन्व्ह फाइलमधून दोन ओळी काढून सेवा रिस्टार्ट केली तेव्हा तो रोलवर आला.

मग अपलोडरसाठी अगदी अरुंद परवानगी लिहिली: फक्त 'इनकमिंग' या फोल्डरमध्ये फाइल टाकता येईल. थेट लावण्याआधी तीच पॉलिसी एका नव्या चाचणी यूजरला देऊन ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अपलोडर चालवला, आणि तो पहिल्याच फाइलला थांबला. कारण असं की अपलोडर आधी ही फाइल तिथे आहे का हे विचारतो. एस-थ्रीमध्ये यादी पाहण्याची परवानगी नसेल तर नसलेल्या फाइलसाठीही '४०४ सापडली नाही' न येता '४०३ मनाई' येतं. अपलोडरला ४०३ कळत नव्हतं, तो तिथेच बंद पडायचा. ही चाचणी न करता पॉलिसी लावली असती तर सातारा ते कोल्हापूर सपोर्टचे फोन खणखणले असते: "दादा, रिपोर्ट जात नाहीयेत."

शेवटी इनकमिंग फोल्डरपुरतं पाहणं आणि वाचणं द्यावं लागलं. त्याची भरपाई म्हणून सर्व्हरवर एक काम लावलं: आलेली फाइल लगेच तपासून दुसऱ्या बकेटमध्ये हलवायची, म्हणजे इनकमिंगमध्ये वाचण्यासारखं फार वेळ काही राहत नाही. आणि सगळ्यात आधी बकेटचं व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणं) चालू केलं. फाइल टाकायची परवानगी म्हणजे त्याच नावाची जुनी फाइल पुसून दुसरी ठेवायचीही परवानगी असते. चोरलेल्या रिपोर्टइतकाच बदललेला रिपोर्ट घातक आहे, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये तर जास्तच.

दुपारपर्यंत हे झालं. लॅबना काहीच जाणवलं नाही.

रिपोर्ट कोणी वाचले का?

हा प्रश्न सगळ्यात जड होता, आणि त्याचं ठाम उत्तर देता आलं नाही. एडब्ल्यूएसचं क्लाउडट्रेल खात्यातल्या व्यवस्थापनाच्या हालचाली आपोआप नोंदवतं आणि ९० दिवस दाखवतं. तिथे हल्लेखोराचा माग स्पष्ट होता: आधी 'मी कोण आहे' हा प्रश्न, मग बकेटांची यादी, मग ईमेल सेवेचा कोटा, मग सर्व्हर. पण बकेटमधली एखादी फाइल कोणी वाचली, ही नोंद 'डेटा इव्हेंट' या प्रकारात येते. ती वेगळी चालू करावी लागते, तिचे पैसे लागतात, आणि ती बंद होती.

आम्ही बिलाचा आधार घेतला. बिलिंगमध्ये बकेटवर किती वाचन-विनंत्या आल्या आणि किती डेटा बाहेर गेला, हे दिवसवार दिसतं. त्या दिवसांचे आकडे आधीच्या आठवड्यांशी ताडून पाहिले. मोठी उसळी नव्हती. म्हणजे संपूर्ण बकेट कोणी उपसून नेली नव्हती. थोडे रिपोर्ट कोणी पाहिले नसतीलच, असं यावरून म्हणता येत नाही.

लॅबना लिहायच्या पत्रात 'कोणताही डेटा लीक झालेला नाही' हे वाक्य मालकांना हवं होतं. मी त्या वाक्यावर अडून बसलो. जे सिद्ध झालेलं नाही ते पेशंटच्या बाबतीत लिहू नये. पत्रात तीन गोष्टी गेल्या: किल्ली बाहेर गेली होती, मोठ्या प्रमाणावर डेटा उचलल्याचं दिसत नाही, आणि एकेका रिपोर्टबद्दल खात्री देण्याइतक्या नोंदी आमच्याकडे नाहीत. काही डॉक्टर चिडले. एक-दोघांनी तर सर्व्हर पुण्यातच ठेवा, म्हणजे डोळ्यांसमोर राहील, असं सुचवलं. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर क्लाउडचा सेंट्रल इंडिया रिजन २०१५ पासून पुण्यात आहेच. पण ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला सर्व्हर मुंबईत आहे की पुण्यात, याने काही अडत नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागलं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. ती माहिती शनिवारीच पाठवली, अपुरी होती तशीच. पूर्ण चित्र हाती आल्यावर कळवू, असा विचार बरेच जण करतात आणि मुदत हुकवतात. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. क्लाउडट्रेलच्या आपोआप दिसणाऱ्या इतिहासावर विसंबलं तर ९० दिवसांवर हात रिकामे होतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या वाजवी उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि त्या कायद्याच्या नजरेत पेशंटला उत्तरदायी लॅब असते, सॉफ्टवेअर कंपनी तिच्या वतीने डेटा हाताळते. डॉक्टर चिडले ते योग्यच होतं.

पुढची बांधणी

गिटहब अ‍ॅक्शन्सवर चालणाऱ्या पाइपलाइनमधून किल्ली पूर्ण काढली. गिटहब अ‍ॅक्शन्स आणि एडब्ल्यूएस यांच्यात ओआयडीसीने, म्हणजे किल्ली न साठवता ओळख पटवायच्या पद्धतीने, विश्वास जोडला. प्रत्येक बिल्डला तासाभरात मरणारी तात्पुरती परवानगी मिळते, साठवून ठेवायला काही उरतच नाही. याची अट लिहिताना एक जागा हमखास चुकते: कोणत्या रेपोच्या कोणत्या ब्रँचला (कोडच्या शाखेला) ही परवानगी आहे, हे बंधन नीट घातलं नाही तर गिटहबवरचा परका रेपोही तुमचा रोल मागू शकतो. मार्च २०२५ मध्ये टीजे-अ‍ॅक्शन्सची, बिल्डमध्ये तयार तुकडा म्हणून वापरतात अशी, एक लोकप्रिय अ‍ॅक्शन पोखरली गेली आणि तिने अनेक रेपोंची सिक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये ओतली. अशा वेळी लॉगमध्ये पडलेली परवानगी तासाभरात निकामी होणं आणि वर्षानुवर्षं चालत राहणं, यात फार अंतर आहे.

लॅबसाठी अपलोडर बदलला. आता प्रत्येक लॅबला स्वतःची ओळख आहे, ती फक्त कंपनीच्या सर्व्हरशी बोलते. सर्व्हर एका फाइलसाठी काही मिनिटं चालणारी प्री-साइन्ड, म्हणजे परवानगी आतच असलेली, लिंक देतो, अपलोडर त्यावर फाइल टाकतो. एका लॅबची ओळख फुटली तर तेवढीच बंद करता येते. डेटाबेसचा पासवर्ड एडब्ल्यूएसच्या सिक्रेट्स मॅनेजरमध्ये गेला, बाकीच्या बऱ्याच गोष्टी पॅरामीटर स्टोअरमध्ये. खर्चाचा प्रश्न मालकांनी विचारलाच. सिक्रेट्स मॅनेजर एका सिक्रेटला महिन्याला ०.४० डॉलर घेतो, पॅरामीटर स्टोअरचा साधा स्तर फुकट आहे. या आकाराच्या कंपनीला व्हॉल्टसारखी सिक्रेट्स जपणारी स्वतंत्र यंत्रणा सांभाळायला लावणं मला पटलं नाही. ती चालवायला जाणकार माणूस हवा, आणि तो नसेल तर तीच एक नवी जोखीम होते.

कमिट करतानाच त्यात किल्ल्या आहेत का ते तपासणारं गिटलीक्स प्रत्येक लॅपटॉपवर बसवलं. लॅपटॉपवरची तपासणी एका फ्लॅगने (आज्ञेला जोडायच्या शब्दाने) टाळता येते, म्हणून तीच पाइपलाइनमध्येही लावली. पहिल्याच तपासणीत जुन्या इतिहासात आणखी किल्ल्या निघाल्या. प्रायव्हेट रेपोत आहेत म्हणून त्यांना हात लावू नये, असा एक सूर निघाला. २०१६ मध्ये उबरच्या प्रायव्हेट रेपोतच हल्लेखोर शिरले, तिथे त्यांना एडब्ल्यूएसची किल्ली सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. त्या सगळ्या किल्ल्या बदलल्या. इतिहास पुसण्याचं काम मात्र मागे ठेवलं. बदललेली किल्ली इतिहासात राहिली तर बिघडत नाही. न बदललेली पुसून टाकली तरी कोणाकडे तिची प्रत असेल, ते सांगता येत नाही.

जुनी किल्ली शेवटी कशी गेली

लॅब एकेक करून नव्या अपलोडरवर आल्या. एडब्ल्यूएस प्रत्येक किल्ली शेवटची कधी, कुठल्या रिजनमध्ये, कुठल्या सेवेसाठी वापरली हे दाखवतं, पण कुठल्या कॉम्प्युटरवरून ते दाखवत नाही. दरम्यान चालू केलेल्या डेटा इव्हेंटमधून आयपी पत्ते काढून राहिलेल्या लॅब शोधल्या. सांगलीकडच्या एका लॅबमध्ये जुना कॉम्प्युटर कपाटाआड चालू होता आणि कोणाच्या लक्षातही नव्हता. वापर थांबल्यावर किल्ली आधी निष्क्रिय केली, काही दिवस फोनची वाट पाहिली, मग काढून टाकली. थेट डिलीट करू नये. निष्क्रिय केलेली किल्ली अडचण आली तर पुन्हा चालू करता येते, डिलीट झालेली परत येत नाही.

या सगळ्या कामात माझ्या लेखी सगळ्यात मोलाची ठरली ती एक साधी शीट. प्रत्येक सिक्रेटसाठी एक ओळ: काय आहे, कुठे कुठे वापरलं जातं, मालक कोण, बदलायची कृती काय, शेवटचं कधी बदललं. पहिल्या दिवशी 'मालक' हा रकाना जवळपास पूर्ण रिकामा होता. तो भरताना वाद झाले, आणि ते वाद आवश्यक होते. 'बदलायची कृती' या रकान्यात लिहिलेलं खरं आहे की नाही, हे कळायचा एकच मार्ग आहे: कामाच्या दिवशी, सगळे जागेवर असताना, ती किल्ली खरोखर बदलून पाहायची. ४ जानेवारी २०२३ ला सर्कलसीआय या बिल्ड सेवेने आपल्या सगळ्या ग्राहकांना साठवलेली सगळी सिक्रेट्स बदलायला सांगितलं होतं. असा निरोप उद्या आला तर तुम्ही किती वेळात बदलाल, असं मी कंपनीला विचारलं. उत्तर नव्हतं. आता दर महिन्याला एक-दोन किल्ल्यांचा सराव होतो. पहिल्या सरावात रात्रीचा एक बॅकअप बंद पडला, कारण तो कोणाच्याच यादीत नव्हता. शीटमध्ये एक ओळ वाढली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही: एसएमएस गेटवे, म्हणजे एसएमएस पाठवून देणारी बाहेरची सेवा. त्यांच्याकडून पूर्ण खात्याला एकच एपीआय की मिळते, तिची ताकद कमी करता येत नाही, आणि जुनी-नवी अशा दोन एकाच वेळी चालत नाहीत. एडब्ल्यूएसमध्ये एका यूजरला दोन किल्ल्या मिळतात ते याचसाठी, की नवी लावून झाल्यावर जुनी बंद करता यावी. डीएलटीच्या (व्यावसायिक एसएमएसचे साचे आधी मंजूर करून घ्यायच्या व्यवस्थेतल्या) नोंदणीमुळे मंजूर टेम्प्लेटबाहेरचा मजकूर सहसा जात नाही, पण टेम्प्लेटमधल्या बदलत्या जागेत खोटा मजकूर बसू शकतो आणि मेसेज लॅबच्याच नावाने पोहोचतो. सध्या ती की फक्त कंपनीच्या सर्व्हरच्या आयपीवरून चालेल असं बंधन घातलं आहे आणि दोन किल्ल्यांची मागणी गेटवेकडे नोंदवली आहे. तोपर्यंत ती दर तिमाहीला रात्री उशिरा बदलतात. त्या काही मिनिटांत एसएमएस रांगेत थांबतात आणि नवी की लागली की निघतात. शीटमध्ये तिचा मालक सपोर्टची एक मुलगी आहे. मागच्या वेळी ती तिने डेव्हलपरना न उठवता, शीटमधली कृती वाचून बदलली.